सैल सोडलेला हात

पालथे झोपून, चेहऱ्यासाठी पलंगाला ठेवलेल्या गोल खाचेतून खाली पाहिले, तेव्हा जमिनीवर पाण्याने भरलेली एक दगडी कुंडी दिसली आणि तिच्यात देवचाफ्याची चार फुले तरंगत होती. ज्या जागी माणसाची नजर पुढचा अर्धापाऊण तास खिळून राहणार, त्या जागी काहीतरी सुंदर असावे, असा विचार करून कोणीतरी रोज सकाळी ते पाणी बदलत होते, हे मला मसाज सुरू होण्याआधीच कळले. कुंडीच्या पलीकडे दोन अनवाणी पावले येऊन थांबली. मग माझ्या पाठीवर, अंगावर घेतलेल्या पातळ सारोंगच्या, म्हणजे लुंगीसारख्या वस्त्राच्या, वरूनच, दोन तळवे टेकले आणि तसेच राहिले. दाबणे नाही, चोळणे नाही. ती बाई माझ्या श्वासाची लय पाहत होती. तीन-चार श्वास असे गेल्यावर तिने सारोंग कमरेपर्यंत दुमडले, तळहातावर तेल घेतले, हातावर हात घासून ते कोमट केले आणि कामाला सुरुवात केली.

ही गोष्ट बालीतल्या उबुदची आणि गेल्या जूनमधली. सांगलीच्या एका शाळेत २८ वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवून मी निवृत्त झाले होते. फळ्यावर लिहून लिहून उजवा खांदा आखडला होता आणि अंबाडा घालायला हात मागे नेला की डोळ्यांत पाणी येत असे. धाकट्या बहिणीने तिकिटे काढली ती देवळे, भातशेती आणि समुद्र पाहण्यासाठी. मसाजची वेळ मात्र तिने मला न विचारता ठरवली, कारण विचारले तर मी नको म्हणणार, हे तिला पक्के ठाऊक होते.

माझ्या नको म्हणण्यामागे केवळ संकोच नव्हता. आमच्या घरात मालिश दोनच माणसांना होत असे, तान्ह्या बाळाला आणि बाळंतिणीला. सांगली-कोल्हापूरकडे तिसरी जागा तालमीची, पण ती पुरुषांची. ह्यांच्यापलीकडे कोणी अंगाला तेल लावून घेतले, तर ते आजारपण तरी असे किंवा चोचले तरी. दिवाळीच्या पहाटे आई घरातल्या सगळ्यांना तेल-उटणे लावी आणि स्वतःच्या अंगाला सर्वांत शेवटी, बंबातले पाणी निवायच्या आत, घाईघाईने दोन बोटे फिरवी. पुढे मीही तेच केले. सासूबाईंचे पाय मी सात वर्षे रोज रात्री चेपले आणि ते मनापासून केले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आपलेही पाय कधी कोणाच्या हातात द्यायचे असतात, ही कल्पना मनाला शिवलेली नव्हती.

उबुद हे नाव 'उबाद' ह्या बाली शब्दावरून पडले असे तिथे सांगतात, आणि उबाद म्हणजे औषध. गावाच्या पश्चिमेला चाम्पुहान येथे वोस नदीचे दोन प्रवाह एकमेकांना मिळतात, त्या संगमावर गुनुंग लबाह नावाचे जुने देऊळ आहे, आणि आठव्या शतकात जावाहून आलेल्या ऋषी मार्कंडेयांशी त्या जागेची कथा जोडलेली आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला लहानपणापासून जात आलेल्या मला संगम, देऊळ आणि ऋषी हे सगळे ओळखीचे वाटले. आम्ही गेलो ते ठिकाण तिथून वर, पनेस्तानन ह्या वाडीत होते. रस्त्यावरून उभ्या चढणीच्या दगडी पायऱ्या चढून गेले की गाड्यांचा आवाज एकदम मागे पडतो आणि भाताच्या खाचरांतून फिरणाऱ्या पाटाच्या पाण्याचा आवाज सुरू होतो. मोठ्या हॉटेलांतली झगमगीत स्पा-दालने आम्ही पाहिली होती. हे ठिकाण म्हणजे बांबूचे पडदे लावलेल्या चार खोल्या आणि पुढे गवताने शाकारलेला एक मोकळा मंडप. तासाभराचे दर पाटीवर दीड लाख रुपिया असे लिहिले होते, म्हणजे आपले आठशे रुपयांच्या आसपास.

उंबऱ्याशी नारळाच्या कोवळ्या पानाची तळहाताएवढी चौकोनी परडी ठेवलेली होती. हिला 'चनांग सारी' म्हणतात, आणि बालीत ती घरापुढे, दुकानापुढे, शेताच्या बांधावर, अगदी मोटारीच्या आतसुद्धा रोज ठेवतात. परडीतल्या फुलांच्या दिशा ठरलेल्या असतात. पूर्वेला पांढरे, दक्षिणेला तांबडे, पश्चिमेला पिवळे आणि उत्तरेला निळे किंवा हिरवे, आणि त्या त्या दिशेला ईश्वर, ब्रह्मा, महादेव आणि विष्णू. मी वाकून पाहत असताना एक चाळिशीची बाई उदबत्ती घेऊन आली. तिने ती परडीवर ठेवली, डाव्या तळहातावर घेतलेले पाणी फुलाने शिंपडले आणि उजव्या हाताने धूर देवाच्या दिशेने हलकेच लोटला. मग तीच बाई माझ्याकडे वळली, हात जोडून 'ओम स्वस्त्यस्तु' म्हणाली, आणि मला कळले की आता ह्याच हातांनी माझे मालिश होणार आहे. तिने नाव सांगितले ते दुसऱ्या अपत्याचे होते. बालीत बहुतेक घरांत मुलांची नावे जन्मक्रमाने ठेवतात: पहिले वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे कतुत, आणि पाचव्याला पुन्हा वायान. म्हणजे तिचे नाव ऐकूनच तिच्याआधी निदान एक थोरले भावंड आहे हे समजते. मला ती 'इबू' म्हणे. इबू म्हणजे आई, आणि वयाने मोठ्या कोणाही बाईला तिथे असेच हाक मारतात.

तिने आधी माझे पाय धुतले. पितळी घंगाळात कोमट पाणी, त्यात लिंबाच्या चकत्या आणि फुलांच्या पाकळ्या, आणि समोर गुडघे टेकून बसलेली ती. मी पाय मागे ओढून घेतले. आपल्याकडे पाय धुतले जातात ते जावयाचे किंवा गुरूचे, आणि एका अनोळखी बाईने माझे पाय हातात घ्यावेत हे मला सोसवेना. तिने काही न बोलता माझी टाच पुन्हा पाण्यात ठेवली आणि अंगठ्याने तळव्याच्या कडेने वर जात राहिली, बोटांपाशी थांबली, एकेक बोट वेगळे करून त्याच्या मुळाशी दाबले. पाचव्या बोटाशी पोचेपर्यंत माझा संकोच मावळला होता, किंवा निदान त्याच्याकडे माझे लक्ष उरले नव्हते.

बाली पद्धतीच्या मालिशचे वर्णन करणे सोपे नाही, कारण तिच्यात बऱ्याच रीती मिसळलेल्या आहेत. घोट्यापासून मांडीपर्यंत तळव्याने एका दमात वर जाणारा लांब हात आहे, कणीक मळावी तसे दोन्ही हातांनी स्नायू मळणे आहे, अंगठ्याने ठरावीक जागा दाबून धरणे आहे, आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी चिमटीत धरून लाटत वर नेणे आहे. दाबून धरण्याच्या जागा पाहिल्या की चीनची आठवण होते, तेलाचा लांब हात पाहिला की आपल्या अभ्यंगाची. शेकडो वर्षे व्यापारी, भिक्षू आणि पुरोहित ज्या समुद्रमार्गाने ये-जा करत होते, त्या मार्गावरच्या बेटावर असेच काहीतरी तयार व्हावे, हे मला अगदी स्वाभाविक वाटते. तेल खोबरेलच होते, पण त्यात चाफ्याचा आणि गवती चहाचा वास होता.

ती डाव्या हाताशी आली तेव्हा जे घडले, त्यासाठी मी हे सगळे लिहायला बसले आहे. तिने माझे मनगट धरून हात वर उचलला आणि मी तिच्याबरोबर तो उचलू लागले. तिला जड पडू नये म्हणून मी मदत करत होते. ती थांबली. तिने हात खाली ठेवला, कोपरावर दोनदा हलकेच थोपटले आणि म्हणाली, "रिलॅक्स, इबू." पुन्हा उचलला, आणि माझा हात पुन्हा तिच्या आधी वर गेला. तिसऱ्यांदा तिने मनगट सोडून नुसता पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला, पाळणा हलवावा तसा हात डावी-उजवीकडे झुलवला, आणि कधीतरी, कोणत्या क्षणी ते मला सांगता येणार नाही, माझ्या हाताचे वजन मी सोडून दिले. तो खरोखरच जड होता. पन्नाशी उलटलेल्या माझ्या शरीराला आपला एक हात किती वजनाचा आहे, हे तोपर्यंत ठाऊक नव्हते, कारण तो मी एक क्षणही कोणाच्या स्वाधीन केला नव्हता.

आणि त्याच वेळी ३० वर्षांपूर्वीचा एक आवाज कानात स्पष्ट ऐकू आला: "अंग सैल सोड की पोरी, धरून कशाला ठेवलंयस?"

माझ्या पहिल्या बाळंतपणात रोज सकाळी आमच्याकडे एक बाई येत असत. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. मला आणि बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून, ओवा-शेपाची धुरी देऊन, पोट घट्ट बांधून त्या दुसऱ्या घरी जात. सव्वा महिन्याचे ठरलेले पैसे, एक लुगडे आणि शिधा, एवढ्यावर त्यांचे काम होई. त्यांचा अंगठा माझ्या कमरेच्या दुखऱ्या जागेवर न चुकता जाई आणि 'इथं दुखतंय नव्हं?' असे त्या विचारत ते केवळ दुजोऱ्यासाठी. माझा हात उचलताना मी तो ताठ धरला की त्या रागावत. मी पदवीधर होते, बी.एड. झाले होते. ह्या बाईंना काहीतरी येते आणि ते मला येत नाही, असा विचार त्या सव्वा महिन्यात एकदाही माझ्या मनात आला नाही. त्या हे कोणाकडून शिकल्या, किती वर्षे शिकल्या, कोणती बाळंतीण कशी रगडायची हे कसे ओळखतात, मी काहीच विचारले नाही. त्या वारल्या, तेही मला सहा महिन्यांनी कळले. शिकण्या-शिकवण्यात आयुष्य काढलेल्या माणसाकडून झालेली ही चूक उबुदमधल्या त्या पलंगावर मला पहिल्यांदा दिसली आणि कुंडीतली फुले धूसर झाली. माझ्या श्वासातला बदल तिच्या हाताला कळला असावा. तिचा तळवा दोन्ही खांद्यांच्या मध्ये येऊन थांबला आणि मी सावरेपर्यंत तिथून हलला नाही.

उजव्या खांद्याबद्दल मी आधी काही सांगितले नव्हते. ते सांगायला हवे होते. ताप, ताजी दुखापत, गर्भारपण किंवा एखादे दुखणे असेल तर मसाज करणारीला आधी सांगावे आणि भरल्या पोटी जाऊ नये, हे मी आता सर्वांना आवर्जून सांगते. पण तिने खांदा स्वतःच शोधला. फऱ्याच्या हाडाच्या आतल्या कडेला तिचा अंगठा अडला, मागे आला, पुन्हा त्याच जागी गेला आणि मग अगदी हळू दाब वाढू लागला. दुखले, पण ते दुखणे वेगळे होते, आतून कोणीतरी गाठीची दोरी सापडवल्यासारखे. "बाहू," ती म्हणाली, आणि हवेत लिहिल्यासारखी खूण करून भुवया उंचावल्या. मी संस्कृतची शिक्षिका, आणि परक्या बेटावर एक बाई माझा खांदा हातात धरून 'बाहू' म्हणत होती. त्यांच्या भाषेत बाहू म्हणजे खांदा, मुका म्हणजे चेहरा, कपाला म्हणजे डोके. शेवटी डोक्याला हात लावण्यापूर्वी ती थांबली आणि हळूच विचारले, "कपाला, बोलेह?" डोक्याला हात लावू का, असा तो प्रश्न होता. बालीत मस्तक हा शरीराचा सर्वांत पवित्र भाग मानतात, आणि विचारल्याशिवाय कोणाच्याही, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावणे बरे समजत नाहीत. आपल्याकडे लाडाने टपली मारायची सवय असलेल्या मला हा प्रश्न फार आवडला. सगळे अंग तिच्या हाती दिल्यानंतरही माझ्या डोक्यावरचा हक्क माझाच आहे, असे तिने मला सांगितले.

खांदा बरा झाला असे मी म्हणणार नाही. त्यासाठी परतल्यावर फिजिओथेरपी करावी लागली आणि अजून करते आहे. पण त्या संध्याकाळी मी अंबाडा स्वतः घातला.

चहा म्हणून मंडपात आल्याचा आणि गवती चहाचा काढा दिला, आणि बहिणीने जामू मागवले. हळद, चिंच आणि ताडगुळाचे ते पेय तोंडाजवळ नेले आणि मला सांगलीच्या हळदपेठेचा वास आला. ज्या हरिपुरात हळद साठवायची पेवे जमिनीत खणलेली होती, तिथल्या माणसाला हळदीचे काय कौतुक, असे कोणी म्हणेल. पण आम्ही हळदीचा बाजार राखला, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले, आणि जावा-बालीच्या लोकांनी हळदीचे पेय रोजच्या आरोग्याचा भाग म्हणून इतके जपले की २०२३ मध्ये युनेस्कोने जामूच्या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. आमच्या घरातली हळद मात्र फोडणीत, जखमेवर आणि लग्नाच्या आदल्या दिवशी, एवढ्यापुरतीच उरली आहे.

ह्या सगळ्यामागे ग्रंथ आहेत, ही गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. बालीच्या पारंपरिक वैद्याला 'बालियान' म्हणतात, आणि ज्यांचे ज्ञान पोथ्यांतून आलेले असते त्यांना 'बालियान उसद'. उसद हा आपलाच औषध शब्द. ह्या पोथ्या ताडपत्रावर कोरलेल्या असतात, त्यांना 'लोंतार' म्हणतात, आणि उत्तर बालीतल्या सिंगराजा येथे १९२८ मध्ये स्थापन झालेल्या गदोंग कीर्त्य ह्या ग्रंथालयात त्या मोठ्या संख्येने जपून ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या 'तरू प्रमाण' ह्या पोथीची रचना ऐकून मी थक्क झाले. तिच्यात झाडे स्वतः बोलतात. प्रत्येक झाड पुढे येऊन आपले नाव सांगते, आपली पाने, साल, चीक आणि मूळ उष्ण की थंड ते सांगते, आणि कोणत्या दुखण्यावर आपल्याला कसे वापरावे ते समजावते. औषधांचे गुण शिकवायची याहून चांगली रीत मी माझ्या इतक्या वर्षांत पाहिली नाही. आठवीच्या वर्गात वनस्पतींची नावे पाठ करून घेताना मला हे माहीत असते, तर मी मुलांनाच झाडे केले असते.

उष्ण आणि थंड हा भेद आमच्या स्वयंपाकघरातला, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मी आपणहून पुन्हा त्या पायऱ्या चढून 'बोरेह' लावून घ्यायला गेले तेव्हा मला काही समजावून सांगावे लागले नाही. तांदूळ, आले, कुलिंजन, लवंग, दालचिनी, जायफळ, मिरी आणि हळद पाट्यावर वाटून केलेला हा लेप. दिवसभर चिखलात उभे राहून भातलावणी करणारे शेतकरी संध्याकाळी गार पडलेल्या पायांना आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो लावत आले आहेत. तिने तो माझ्या पायांवर थापला. पहिली दोन मिनिटे काही झाले नाही, मग पोटऱ्यांतून ऊब वर सरकू लागली आणि हळूहळू इतकी वाढली की मला आमच्या बाळंतिणीच्या खाटेखालची निखाऱ्यांची शेगडी आठवली. वाळल्यावर तिने तो तळव्यांनी चोळून काढला, आणि त्याबरोबर कातडीवरची मळकी बारीक वळकटी निघाली, अगदी उटण्यासारखी. त्याच पाटीवर 'लुलुर' हेही होते. ते मूळचे जावाचे, योग्याकार्ता आणि सुराकार्ताच्या राजवाड्यांतले, हळद-चंदन-तांदळाचे, नवरीला लग्नाआधी कित्येक दिवस लावायचे. दोन्ही चांगलीच असतील, पण माझे मन शेतकऱ्यांच्या लेपावर जडले.

फुलांनी भरलेल्या टबाबद्दल मी फार लिहिणार नाही. आम्हाला तो मिळाला, सुंदर होता, बहिणीने छायाचित्रे काढली. पण दोनच दिवसांपूर्वी आम्ही तांपाकसिरिंगला तीर्थ एम्पुल ह्या दहाव्या शतकापासूनच्या झऱ्यावर जाऊन आलो होतो आणि हिरव्या सारोंगात, एकेका धारेखाली डोके वाकवून 'मलुकात', म्हणजे शुद्धीचे स्नान, करणाऱ्या माणसांचे चेहरे पाहिले होते. ते पाणी पाहिल्यावर टबातल्या पाकळ्या मला केवळ शोभेच्या वाटल्या.

बोरेह लावले त्या दिवशी पाऊस आल्यामुळे आम्ही मंडपात बराच वेळ बसून राहिलो आणि मालिश करणाऱ्या त्या बाईला पुढचे काम नव्हते. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत आमचे बोलणे झाले. ती हे आजीकडून शिकली. आजी वाडीतल्या बाळंतिणींना तेल लावायची आणि पोट बांधायची. "किती दिवस?" मी विचारले. "एक महिना आणि सात दिवस," ती म्हणाली. बालीच्या पंचांगातला महिना ३५ दिवसांचा असतो, म्हणून हे होतात ४२ दिवस. त्या दिवशी आईचे सोयर फिटते. आमचा सव्वा महिना मी तिला बोटांवर मोजून दाखवला आणि दोघी हसलो. बाळाचे पाय पहिल्यांदा जमिनीला टेकवायचे ते १०५ व्या दिवशी, असेही तिने सांगितले. आजीनंतर तिने रीतसर प्रशिक्षण घेतले, प्रमाणपत्र मिळवले, आणि बालीतल्या अनेक बायका जातात तशी दोन वर्षे तुर्कस्तानातल्या एका हॉटेलात काम करून आली. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. हे सांगताना ती पाटाच्या पाण्याकडे पाहत होती आणि मी पुढे विचारले नाही.

त्यांच्या देशात नुकताच एक वाद मिटला होता, तो मात्र तिने उत्साहाने सांगितला. इंडोनेशियाच्या २०२२ च्या एका कायद्याने स्पाला डिस्कोथेक, कराओके, नाइट क्लब आणि बारच्या पंगतीत बसवले होते आणि त्या सगळ्यांवर ४० ते ७५ टक्के करमणूक कर ठरवला होता. २०२४ च्या सुरुवातीला बालीतल्या व्यावसायिकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण घटना न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने स्पा हा पारंपरिक आरोग्यसेवेचा भाग आहे असा निर्वाळा दिला. तिला कराच्या टक्क्यांपेक्षा त्या पंगतीचे दुःख अधिक होते. "नॉट एंटरटेनमेंट," ती म्हणाली आणि आपले दोन्ही तळवे उघडून माझ्यासमोर धरले. अंगठ्यांची मुळे जाड झालेली होती आणि उजव्या अंगठ्याचा सांधा किंचित बाहेर आलेला होता. खडूने माझ्या तर्जनीला पडलेला घट्टा मी तिला दाखवला. तिने तो बोटाने चाचपून पाहिला आणि मान हलवली.

मावशींना जे विचारायचे राहून गेले होते, ते मी तिला विचारले. माझ्या खांद्यावर तिने काय केले, ते मला शिकवता येईल का? तिला आधी वाटले की मला स्वतःचा खांदा कसा चोळायचा ते हवे आहे. मी बहिणीकडे बोट दाखवले. ती खळखळून हसली आणि तिने बहिणीला मंडपाच्या कडेला, पाठमोरी बसवले. माझ्या हातावर थोडे तेल ओतले. मी ते तसेच बहिणीच्या खांद्याला लावणार, तोच तिने माझे दोन्ही हात धरून एकमेकांवर घासायला लावले. मग माझे तळवे बहिणीच्या पाठीवर ठेवले आणि वरून आपले हात ठेवून मला थांबवले. हलायचे नाही. आधी श्वास. बाहेर पावसाचा जोर कमी होत होता आणि तळव्यांखाली बहिणीची पाठ वर येत होती, खाली जात होती. आम्ही एका खोलीत झोपून वाढलो, एका ताटात जेवलो, पण तिचा श्वास माझ्या हाताला असा कधी लागला नव्हता.

"पलान, पलान," ती म्हणाली. हळू, हळू. माझा अंगठा घाई करत होता, तिने त्यावर आपला अंगठा ठेवून फऱ्याच्या कडेने त्याला नेले, एका जागी थांबवले. तिथे काहीतरी लागले, वाटाण्याएवढे, सरकणारे. "ताई, तिथेच," बहीण म्हणाली. मी दाब वाढवला, तिने माझे मनगट किंचित मागे ओढले, मी कमी केला, तिने मान हलवली. चार-पाच वेळा असे झाल्यावर तिने आपले हात काढून घेतले आणि बाजूला बसून पाहू लागली.

मग मी बहिणीचा उजवा हात मनगटाला धरून उचलला. तो माझ्या आधीच वर आला. मी खाली ठेवला, कोपरावर थोपटले, पुन्हा उचलला, तो पुन्हा आधी वर आला. शेवटी मी तिचा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि पाळण्यासारखा झुलवू लागले. किती वेळ झुलवत होते कोण जाणे. पाऊस थांबला होता, छपराच्या गवतावरून थेंब ओघळत होते, आणि केव्हातरी माझ्या हातात तिच्या हाताचे सगळे वजन आले.